सांगमुन-डोंगची गल्ली

सगळ्यात आधी एक कबुली. मी सोलला गेले ती ऑफिसच्या कामासाठी नाही, शॉपिंगसाठी नाही आणि स्किनकेअरसाठी तर मुळीच नाही. (बरं बाबा, थोडंसं स्किनकेअरसाठी!) मी गेले एका गल्लीसाठी. तीसुद्धा टीव्हीवर पाहिलेल्या.

हसू नका. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'चा शेवटचा भाग संपवण्यासाठी तुमच्यापैकी किती जणांनी ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवला होता, ते मला पक्कं ठाऊक आहे.

झालं असं, की २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आई आणि मी आमच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडकलो. माझं वर्क फ्रॉम होम, आणि तिचं घरातलं काम, जे गेली तीस वर्षं सुट्टीशिवाय चालूच होतं. मराठी मालिकांचं शूटिंग बंद पडलं, जुनेच भाग परत परत लागायला लागले आणि आई जाम वैतागली. मग एका रात्री मी तिला 'रिप्लाय १९८८' लावून दिली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: टीव्हीएन वाहिनीवर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ दरम्यान आलेली ही वीस भागांची मालिका. एकेक भाग जवळजवळ सिनेमाएवढा. सोलच्या उत्तर टोकाला सांगमुन-डोंग नावाची वस्ती ('डोंग' म्हणजे आपली पेठ म्हणा), तिथली एक गल्ली, पाच घरं आणि त्या घरांतले पाच मित्रमैत्रिणी. राजपुत्र नाही, भूत नाही, कंपनीच्या मालकाचा देखणा मुलगासुद्धा नाही. हिरोइन दोक-सन ही तीन भावंडांतली मधली. तिचा वाढदिवस थोरल्या बहिणीच्या केकवरच उरकून टाकतात. बस्स, एवढ्यावर आम्ही दोघी पहिल्याच रात्री ढसाढसा रडलो!

आईला इंग्लिश सबटायटल्स तेवढ्या वेगाने वाचता येत नव्हती. म्हणून मी बाजूला बसून लाइव्ह ट्रान्सलेशन करायचे. तिसऱ्या भागापर्यंत ती माझ्या पुढे गेली. "थांब, सांगू नकोस. कळलं मला!"

कळणारच. पहिल्याच भागात एक सीन आहे. संध्याकाळची वेळ. एक आई मुलाच्या हातात भाजीचं भांडं देऊन शेजारी पाठवते. शेजारीण ते रिकामं करून त्यात दुसरं काहीतरी घालून परत पाठवते. बघता बघता गल्लीतली सगळी पोरं हातात ताटल्या घेऊन एकमेकांना क्रॉस करायला लागतात.

"अगं, ही तर आपली चाळ!" आई जवळजवळ ओरडलीच.

आमची गिरगावातली चाळ. २०१४ साली रीडेव्हलपमेंटला गेली. आता त्याच जागेवर टॉवर आहे, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, ते मला नेमप्लेटवरून माहीत आहे. चाळीत आईला कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, ती कायम कुणाची तरी आई. कोरियातही बायकांना असंच मुलांच्या नावाने ओळखतात. आणि वडिलांना म्हणतात 'आप्पा'! आईच्या मते यापुढे पुराव्याची गरज नव्हती.

शेवटच्या भागात (स्पॉइलर, पण दहा वर्षं झाली आता) ती गल्ली रिकामी होते. एकेक घर सामान बांधतं. वस्तीचं रीडेव्हलपमेंट होणार असतं. आई काही बोलली नाही. टीव्ही बंद केल्यावर म्हणाली, "तू गेलीस कधी तिकडे, तर त्या गल्लीचा फोटो काढून आण. त्या बाकड्याचा. ज्याच्यावर त्या बायका भाजी निवडत बसतात ना, त्याचा."

मी हो म्हटलं. लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनीच कशालाही हो म्हटलं होतं.

आधी सगळे करतात ते

२०२५च्या एप्रिलमध्ये, ऐन चेरीच्या बहरात, मी आणि माझी मैत्रीण सोलला पोहोचलो. पहिले दोन-तीन दिवस शहाण्या फॅनसारखं सगळं केलं. नामी बेटावर गेलो. 'विंटर सोनाटा' ही २००२ सालची मालिका तिथे शूट झाली आणि २००३ मध्ये ती जपानच्या एनएचकेवर लागल्यावर जपानी काकूंच्या झुंडी इथे यायला लागल्या. कोरियन मालिका बघून कोरियात जायची फॅशन अशी जुनी आहे. गापयंग स्टेशनला उतरून फेरीबोटीने पाच मिनिटांत बेटावर. नदीवर धरण बांधल्यावर पाणी चढलं आणि या जागेचं बेट झालं. सरळसोट झाडांचा तो प्रसिद्ध रस्ता, हिरो-हिरोइनचा पुतळा, पुतळ्यासमोर फोटोची रांग. आम्हीही रांगेत. फोटो सही आले.

पण तिथे कुणी राहत असेल असं वाटत नाही. ते फोटो काढण्यासाठीच ठेवलेलं ठिकाण आहे. मला हवी होती ती राहती गल्ली. शेवटच्या दोन दिवसांसाठी मैत्रीण बुसानला गेली आणि मी एकटीच मेट्रोचा नकाशा घेऊन निघाले.

स्टेशन अंगुक : हळू बोला

पहिला थांबा बुकचोन. जुन्या कौलारू घरांची, म्हणजे 'हानोक'ची वस्ती. 'विंटर सोनाटा'मधली शाळा इथलीच, जुंगांग हायस्कूल. चढाची गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी दारं, वर कौलांच्या ओळी आणि लांब खाली शहर. पडद्यावर पाहिलंय त्याहून देखणं, खरंच!

आणि दर वीस पावलांवर पाटी: कृपया शांतता राखा. इथे लोक राहतात.

पिवळं जॅकेट घातलेल्या एक मावशी तशीच पाटी हातात घेऊन उभ्या होत्या. बुकचोनच्या सगळ्यात गजबजलेल्या भागात पर्यटकांना फक्त सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच परवानगी आहे. मार्च २०२५ पासून वेळ मोडणाऱ्याला एक लाख वॉनपर्यंत दंड, म्हणजे आपले सहा हजारांच्या आसपास. मी पोहोचले पावणेपाचला. 'एक शेवटचा फोटो' करता करता पाच वाजून गेले. मावशींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. दंड नाही झाला, पण मान खाली घालून उतार उतरताना एका दारातून तव्यावर काहीतरी परतल्याचा वास आला. संध्याकाळचा स्वयंपाक चालू होता आणि मी त्यांच्या उंबऱ्यासमोर सेल्फी स्टिक घेऊन उभी होते. गणपतीत आमच्या चाळीचे फोटो काढायला येणाऱ्या लोकांवर आई कशी करवादायची, ते आठवलं.

स्टेशन ह्येह्वा : पुसलेली फुलं

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरची मेट्रो पकडली. नकाशावर ती आकाशी रंगाची. ह्येह्वा हा सोलचा नाटकवाल्यांचा एरिया, छोट्या छोट्या थिएटरांनी भरलेला. तिथून चढण चढून गेलं, की शहराच्या जुन्या तटबंदीजवळ इह्वा नावाची डोंगरउतारावरची वस्ती लागते. २००६ मध्ये सरकारी मदतीने कलाकारांनी इथल्या भिंती आणि जिने रंगवले. मग 'रूफटॉप प्रिन्स' (२०१२) सारख्या मालिकांत ही वस्ती दिसली आणि गर्दी वाढतच गेली.

इथले दोन जिने सगळ्यात फेमस होते. एकावर फुलं, एकावर मासे. २०१६ साली इथल्याच काही रहिवाशांनी रात्रीतून त्यांच्यावर रंग फासून ते पुसून टाकले. रात्रंदिवस आरडाओरडा, दारात कचरा, खिडकीतून डोकावणारी माणसं… कंटाळले होते बिचारे.

तिथल्या एका पायरीवर बसून मी बाटलीतलं पाणी प्यायले. सांगमुन-डोंगला जावं की नाही, असा प्रश्न पहिल्यांदाच पडला. आपण ज्या मालिकेवर एवढं प्रेम करतो, ती शेजारधर्माची गोष्ट आहे. आणि आपण तिथे जाऊन नक्की कोण होणार? शेजारी तर नाहीच.

पण आईला हो म्हटलं होतं. परत चार नंबर पकडली.

स्टेशन सांगमुन : सॉरी, राँग नंबर

सांगमुन स्टेशनवर तुमचं स्वागत करतो एक हिरवा डायनोसॉर. हा डूली, १९८३ साली जन्मलेलं कोरियन कार्टून. त्याची गोष्ट याच वस्तीत घडते, म्हणून इथे त्याचं म्युझियमही आहे. पोरं आईबापांना ओढत नेत होती. 'रिप्लाय'ची पाटी मात्र कुठेही नाही.

बाहेर पडले तर समोर अपार्टमेंटचे उंच ठोकळे. त्यांच्यामागे विटांच्या तीन-चार मजली बिल्डिंगी. यांना कोरियात 'व्हिला' म्हणतात. (आपल्याला व्हिला म्हटलं की लोणावळा आठवतं, इथे साधा मध्यमवर्गीय फ्लॅट!) काही घरांच्या खिडक्या जमिनीला टेकलेल्या. ही 'बांजिहा', अर्धी जमिनीखालची घरं. 'पॅरासाइट'मुळे जगाला माहीत झालेली. दोक-सनचं घरही असंच, तिच्या वडिलांनी दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून हात पोळून घेतलेले, म्हणून. मालिकेत तेही घर उबदार वाटतं. पण ऑगस्ट २०२२ च्या पावसात सोलच्या दुसऱ्या एका भागात अशाच घरात पाणी शिरून एका कुटुंबातले तिघं गेले. त्यानंतर अशी घरं टप्प्याटप्प्याने बंद करायचं महापालिकेने जाहीर केलं. जुन्या दिवसांबद्दल फार गहिवरून यायला लागलं, की मला आईचं एक वाक्य आठवतं. पूर्ण मालिका बघून झाल्यावर ती म्हणाली होती, "सगळं छान दाखवलं गं. फक्त संडासची रांग नाही दाखवली."

तासभर फिरले. गल्ल्या होत्या, पण 'ती' गल्ली नव्हती. शेवटी एका किराणा दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तीन आज्या लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांना फोनवरचा फोटो दाखवला. पापागो या ट्रान्सलेशन अॅपला मराठी येत नाही, म्हणून माझं इंग्लिश, त्यांची कोरियन आणि मध्ये फोन. तिघी खळखळून हसल्या. एक म्हणाली, "ते इथे नाही. ते टीव्हीवाल्यांनी बांधलं होतं."

खरं सांगायचं तर मला हे वाचून माहीत होतं. तो सेट सोलच्या बाहेर, उइजंगबूमध्ये उभारला होता आणि मालिका संपल्यावर मोडला. तरी वाटलं होतं, निदान मूळ गल्ली, जिच्यावरून सेट केला ती, कुठेतरी असेल. मी विचारलं, तशी गल्ली होती का पण? आजींनी लसणाच्या सालांवरून हात फिरवत सगळ्या वस्तीकडे बोट दाखवलं. "तेव्हा सगळ्या तशाच होत्या."

मग विचारलं, तू कुठली? इंडिया त्यांना कळेना. फोनने सांगितलं, 'इंदो'.

"इंदो!" सगळ्यात वयस्कर आजी एकदम खुर्चीतून उठल्या. "गांधी!"

आणि माझं मनगट धरून चालायलाच लागल्या.

शेजारी राहणारे आजोबा

दोन वळणं घेऊन आम्ही एका साध्या घरासमोर थांबलो. आत फोटोत पांढरा पारंपरिक पोशाख आणि लांब पांढरी दाढी असलेले एक आजोबा. हे हाम सोक-हन. जन्म १९०१, मृत्यू फेब्रुवारी १९८९. कोरियात त्यांना 'कोरियाचे गांधी' म्हणतात. जपानी राजवटीत तुरुंगवास झाला, पुढे स्वतःच्याच देशातल्या लष्करी राजवटींविरुद्ध बोलत राहिले. गांधीजींची आत्मकथा आणि भगवद्गीता त्यांनी कोरियनमध्ये आणली. १९७० मध्ये एक मासिक काढलं. त्याच्या नावातल्या 'सिआल'चा अर्थ बी, म्हणजे साधा सामान्य माणूस. १९८० मध्ये लष्करी सरकारने ते बंद पाडलं, ते पुन्हा सुरू झालं डिसेंबर १९८८ मध्ये.

१९८८! मी तिथेच उभी राहून हिशोब केला. मालिकेत दोक-सन सोल ऑलिंपिकच्या परेडमध्ये देशाच्या नावाची पाटी धरायची प्रॅक्टिस करते. तिची थोरली बहीण बोरा विद्यार्थी आंदोलनात उतरते आणि घरचे हादरतात. त्याच वर्षी त्याच वस्तीत, अगदी खराखुरा, हा म्हातारा माणूस राहत होता. आयुष्यातली शेवटची वर्षं त्यांनी या घरात काढली. २०१५ मध्ये घराचं स्मारक झालं, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी. पण मालिकेसाठी येणारे आमच्यासारखे लोक नामीला जातात, बुकचोनला जातात. इथे त्या दुपारी मी आणि आजी, एवढ्याच.

भिंतीवरचं कोरियन मला वाचता येत नव्हतं. आजी एकेका फोटोसमोर उभ्या राहून काहीतरी सांगत होत्या. मी फोन पुढे करायचंही विसरले. घरी आई आणि मी टीव्हीसमोर बसायचो ते आठवलं. फक्त इथे सबटायटल्स नव्हती, आणि समजावून सांगणारी मी नव्हते.

परत दुकानापाशी आल्यावर आजींनी पिशवीतून भाजलेली दोन रताळी काढून माझ्या हातात कोंबली. मी लसणाच्या टोपलीकडे आणि मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. आईला हवा होता तसाच फोटो होता ना! तीन बायका, निवडणं, गप्पा. आजींनी हसत हसत मान हलवली. नको.

दोन दिवसांपूर्वी मी कदाचित लांब जाऊन झूम केलं असतं. या वेळी फोन खिशात ठेवला.

आईचा फोन

रात्री हॉटेलवरून आईला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगितलं. गल्ली नाही, बाकडं नाही, फोटो नाही. आज्या, लसूण, गांधीजी, रताळी.

मला वाटलं, ती म्हणेल असू दे. ती म्हणाली, "आणि तू काय दिलंस त्यांना?"

"म्हणजे?"

"अगं, त्यांनी रताळी दिली ना? मग तू रिकाम्या हाताने आलीस की काय?"

मी गप्प. मालिकेचे वीस भाग आम्ही दोनदा पाहिलेत. भांडं कधी रिकामं परत जात नाही, याच्यावर मी मित्रमैत्रिणींना लेक्चरं दिली आहेत.

"मी शंकरपाळे दिलेत तुझ्या बॅगेत," आई म्हणाली. "खाल्लेही नसशील अजून."

खाल्ले नव्हते. बॅगेच्या तळाशी पाकीट तसंच होतं, जरा चुरा झालेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं परतीचं फ्लाइट होतं. कॉस्मेटिक्सच्या शॉपिंगसाठी म्हणून सकाळ राखून ठेवली होती. तिच्याऐवजी पुन्हा चार नंबरची आकाशी लाइन, पुन्हा तो हिरवा डायनोसॉर, पुन्हा ते दुकान. आजींनी पाकीट उघडून एक शंकरपाळा तोंडात टाकला, दोन सेकंद विचार केला आणि दुकानाच्या वरच्या खिडकीकडे बघून कुणाला तरी मोठ्याने हाक मारली. वरून एक बाई ताटली घेऊन खाली आली.

फ्लाइट चुकता चुकता राहिलं. बॅगेत वजन जास्त झालं, कारण त्या ताटलीतलं सगळं मला बांधून दिलं होतं.

जायचं असेल तर…

● भारतीय पासपोर्टवर सोलला जायला व्हिसा लागतो. आधी अर्ज, मग तिकीट!

● मेट्रो आणि बससाठी टी-मनी कार्ड घ्या. कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं. पत्ते शोधायला नेव्हर मॅप बेस्ट.

● बुकचोनसाठी तीन नंबरच्या लाइनवर अंगुक, इह्वासाठी चार नंबरवर ह्येह्वा, पुढे त्याच लाइनवर सांगमुन. तीनवरून चारवर बदलायला छुंगमुरो स्टेशन. तिन्ही एका दिवसातही होतात, फक्त बुकचोन दहा ते पाचमध्येच.

● शाकाहारी असाल तर सावध! किमचीत बहुतेक वेळा माशाचा किंवा कोळंबीचा अंश असतो, तोकबोक्कीच्या रश्शातही. अंडं-मटण वगळून बिबिम्बाप मागा. रस्त्यावर होत्तोक नक्की खा. आत गूळसाखरेसारखं सारण असलेली गरमागरम पोळी, आपल्या गुळाच्या पोळीची चुलत बहीणच.

● कुणाच्या दाराचा, माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नको.

● आणि बॅगेत घरच्या खाऊचं एक जादा पाकीट ठेवा. स्वतःसाठी नाही.